साडेतीन घोडे आणि एक टोपी

“बोटीची टोपी आहे का?” असं मी नगरच्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात विचारलं, तेव्हा गल्ल्यावरच्या माणसाने वर न बघताच सांगितलं, “बोटाची टोपी शिवणाच्या सामानाच्या दुकानात. पुढची गल्ली, डावीकडं.”

त्याची चूक नव्हती. आमच्या जिल्ह्यात ‘बोट’ हा शब्द मुळात नपुंसकलिंगी. ते कापतं, भाजतं, दारात सापडतं आणि मतदानाच्या दिवशी शाई लावून घरी येतं. स्त्रीलिंगी बोट बघायची तर माणूस अलिबागला जातो. नाही म्हणायला अकोल्याच्या डोंगरात भंडारदरा आहे. १९२६ साली विल्सन धरण पुरं झालं तेव्हापासून तिथे पाणी आहे आणि पाण्यावर हिंडणारी माणसंही आहेत. रतनवाडीला धड रस्ता नव्हता तेव्हा रतनगडावर जाणारी ट्रेकर मंडळी शेंडीहून लाँचने जात. पण ती सह्याद्रीची बाजू. पूर्वेकडे पाणी म्हणजे टँकर. २०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तरी टँकर अजून जुन्याच रस्त्याने येतो.

“बोटाची नाही हो, बोटीची. पाण्यातल्या.”

आता त्याने वर पाहिलं. मग रस्त्याकडे पाहिलं. मग गल्ल्यावरून पुढे झुकून, आवाज खाली आणून विचारलं, “वाळूची का?”

हाही दोष त्याचा नाही. आमच्याकडे यांत्रिक बोट म्हटली की ती भीमेच्या पात्रात चोरून वाळू उपसणारी. श्रीगोंदा-कर्जतकडची माणसं या विषयावर डोळे मिटून व्याख्यान देतील. त्या बोटींवर डिझेलची इंजिनं असतात आणि डिझेलच्या इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा दाबून दाबून इतकी तापवायची की त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. त्यामुळे त्यांना प्लग नाही, टोपी नाही, कसली कटकट नाही. त्या बोटींचं इग्निशन काय ते तहसीलदार करतात, जिलेटिनच्या कांड्या लावून.

“नाही, शेतीची आहे,” मी म्हणालो.

शेतीची बोट हे ऐकल्यावर मात्र त्याने मला गिऱ्हाईक समजणं सोडून दिलं.

खरं सांगायचं तर बोट माझी नाही, मेहुण्याची. त्याची जमीन नेवासे तालुक्यात, प्रवरासंगमच्या अलीकडे, जायकवाडीच्या फुगवट्याला लागून. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी पैठणला या धरणाची पायाभरणी केली, १९७६ साली इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. भिंत तिकडे मराठवाड्यात बांधली आणि पाण्याने पाय पसरले ते आमच्या नेवासे-शेवगावात. या पाण्यावर हक्क कोणाचा, यावरून दोन्हीकडचे पुढारी दर दुष्काळात कोर्टात जातात. मेहुणा जात नाही. तो पाण्याच्या मागे जातो. फेब्रुवारी सरला की पाणी रोज थोडं थोडं मागे सरकायला लागतं. उघड्या पडलेल्या गाळावर लोक गाळपेर करतात, आणि मेहुण्याची मोटर पाण्याच्या मागोमाग पैठणच्या दिशेने चालू लागते. केबल वाढवा, पाइप जोडा, फुटबॉल पुढे न्या. (पाइपाच्या तोंडाशी जी झडप बसवतात तिला साहेबाने फूट व्हॉल्व्ह म्हटलं आणि आमच्या शेतकऱ्याने फुटबॉल. साहेबापेक्षा हे नाव जास्त बरोबर आहे, कारण तिला सारख्या लाथा बसतात.) मे महिन्यात हे सगळं पोहत करणं जिवावर येतं. म्हणून त्याने बोट घेतली.

घेतली ती अलिबागला. पोरांना उंटावर बसवायला म्हणून कुटुंब घेऊन गेला आणि टेम्पोत जुनी फायबरची बोट घालून आला. बोटीला मागे लटकवायचं इंजिनही होतं. एक सिलिंडर, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारं, दोरी ओढून सुरू करायचं, साडेतीन घोड्यांचं. कंपनीचं नाव मी सांगत नाही. त्याच्यावरची अक्षरंही अर्धी खरवडली गेली होती, बहुधा कंपनीनेच रात्री येऊन खरवडली असावीत.

इंजिन दिसायला दणकट होतं. अंगाखांद्याला ॲल्युमिनियम, पोटात पोलाद, पंखा असा की ऊस तोडावा. आणि या सगळ्या पोलादाचा जीव कुठे, तर प्लगवर दाबून बसवलेल्या अंगठ्याएवढ्या काळ्या प्लास्टिकच्या टोपीत. गोष्टीतल्या राक्षसाचा जीव निदान सात समुद्रांपलीकडच्या पोपटात तरी असे. इथे तो टोपीत, आणि टोपीला चीर.

ती चीर आहे हे आम्हाला कळलं ते काठापासून पाऊण किलोमीटरवर.

एप्रिलमधली संध्याकाळ. बोटीत मेहुणा, मी, त्याचा दहा वर्षांचा पोरगा आणि नवा फुटबॉल. वारा सुटलेला. लांबून ज्याला आपण तळं म्हणतो त्याला जवळून चांगल्या हातभर लाटा असतात, हे मला तेव्हाच कळलं. इंजिन आधी खोकलं, मग शिंकलं, मग एकदम शांत झालं. मेहुण्याने दोरी ओढली. पुन्हा ओढली. पोरगा मोठ्याने मोजायला लागला. बावीसपर्यंत त्याला मजा वाटली. एकेचाळीसला मेहुणा म्हणाला, “दाजी, तुम्ही जरा त्या टोपीला हात लावून बघा, ढिली आहे का. मी ओढतो.”

शिकलेल्या माणसाने हे करायला नको होतं. मी हात लावला, त्याने दोरी ओढली, आणि आतापर्यंत सिलिंडरकडे न गेलेली सगळी वीज माझ्या कोपरापर्यंत आली. मी काय ओरडलो ते पोरगा अजून घरी करून दाखवतो. मेहुण्याचा चेहरा मात्र उजळला. म्हणाला, “म्हंजी करंट हाय!”

पाण्याच्या मधोमध बसल्यावर माणसाला अध्यात्म सुचतं. नेवासं हे ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते गाव. आणि याच पाण्याच्या दुसऱ्या टोकाला पैठण, जिथे माउलींनी एका रेड्याकडून वेद म्हणवून घेतल्याची कथा आहे. त्यांना एका रेड्याकडून अख्खे वेद मिळाले, आम्हाला साडेतीन घोड्यांकडून एक फुरफुर मिळेना.

वल्हं एकच होतं. एका वल्ह्याने बोट गोल फिरते हे मला माहीत होतं, मेहुण्याने ते सिद्ध केलं. तेवढ्यात एक जण जवळ आला. थर्माकोलचा जाड ठोकळा, त्यावर गोणपाट बांधलेलं, त्यावर मांडी घालून बसलेला मच्छीमार. दोन हातांत जेवणाच्या दोन स्टीलच्या ताटल्या, त्यांनीच पाणी मागे लोटत तो जाळं सोडत चालला होता. त्याने आमच्याकडे, आमच्या इंजिनाकडे आणि माझ्या थरथरणाऱ्या हाताकडे पाहिलं आणि काही न बोलता आमची दोरी आपल्या कमरेला बांधली. वीस मिनिटांत काठ. साडेतीन घोडे, तीन माणसं आणि एक फुटबॉल एका थर्माकोलच्या मागून निमूट चालले होते. थर्माकोल म्हणजे शंभर टक्के प्लास्टिक, हे मला वाटेत आठवलं, पण मी मोठ्याने बोललो नाही.

त्या रात्री मी थोडं वाचलं. ठिणगी पाडायला प्लगपर्यंत पंधरा-वीस हजार व्होल्टची वीज न्यावी लागते. एवढी वीज आणि नगरचा रिक्षावाला यांचा स्वभाव एकच, मोकळी दिसेल त्या फटीत घुसायचं. तिला वाटेत बाहेर पडू द्यायचं नाही म्हणून वरून टोपी. टोपी धातूची करता येत नाही, कारण तिचं कामच वीज अडवण्याचं. चिनी मातीची चालेल, खुद्द प्लगच्या अंगावर चिनी माती असतेच, पण ती महाग आणि आपटली की फुटते. मग प्लास्टिक. इंजिनाच्या उष्णतेने ते वाळतं, थरथरीने पिचतं, केसाएवढी चीर पडते, चिरेत पाण्याचा तुषार आणि धूळ बसते, आणि वीज त्या वाटेने पळून जवळच्या धातूला जाऊन मिळते. एकदा पळाली की जाताना जळका काळा माग ठेवते, आणि कोळशावरून वीज छान वाहते. म्हणजे पहिली पळून गेलेली ठिणगी पुढच्या सगळ्या ठिणग्यांसाठी पायवाट पाडून जाते. एका घरातली पहिली मुलगी पळून गेली की धाकट्यांचं काय होतं, असं आमची आजी म्हणायची, ते विजेच्या बाबतीत शास्त्रशुद्ध निघालं.

आणखी एक गंमत सापडली. लिओ बेकलँड नावाच्या मूळच्या बेल्जियन रसायनतज्ज्ञाने बेकेलाइट जगापुढे जाहीर केलं ते १९०९ साली. आपल्या आजोबांच्या घरातली काळी गोल बटणं, काळा टेलिफोन, ते हे बेकेलाइट. पुढे मोटारींच्या डिस्ट्रिब्युटरची झाकणंही त्याचीच होऊ लागली. आणि ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकन माणसाने बोटीमागे लटकवायचं इंजिन बाजारात आणलं तेही १९०९ च्याच सुमारास. म्हणजे बोटीचं इंजिन आणि प्लास्टिक यांची पत्रिका जवळपास एकाच मुहूर्तावरची. तरी पटत नाही. एव्हिनरूडची गोष्ट अशी सांगतात की होणाऱ्या बायकोला आइस्क्रीम हवं होतं, म्हणून भर उन्हात तो तळ्यातून वल्हवत गेला आणि येईपर्यंत आइस्क्रीम वितळलं. म्हणून इंजिन. खरीखोटी कोण जाणे, पण या धंद्याची सुरुवातच वाटेत काहीतरी निकामी होण्यापासून झाली हे ध्यानात घ्यावं.

दुसऱ्या दिवसापासून इलाज सुरू झाले. पहिला इलाज पुस्तकी होता आणि माझा होता. चीर टोकदार पात्याने खरवडून काळा माग काढायचा, टोपी उन्हात वाळवायची आणि चिरेत नेलपॉलिश भरायची. हसू नका, जुने मोटार मेकॅनिक अडल्या वेळी डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाला हेच करत आले आहेत. मेहुण्याच्या बायकोची बाटली मिळाली. रंग डाळिंबी. इंजिन दोन दिवस चाललं, आणि त्या दोन दिवसांत गावातल्या चार जणांनी तरी मेहुण्याला विचारलं की इंजिनाचं लग्न कुठे ठरलं. तिसऱ्या दिवशी एम-सील. त्याने चीर बुजली, पण टोपी प्लगला कायमची चिकटली. मग प्लग काढायचा तर टोपी फोडा, आणि टोपी फोडायची तर नवी टोपी आणा.

नवी टोपी मिळत नाही, हे या प्रकरणातलं मुख्य दुःख. मुंबईच्या एका विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, सुटी टोपी येत नाही, वायर, कॉइल, टोपी असा अख्खा संच घ्यावा लागेल, आणि तो संचही आता येत नाही. दोन नकार त्याने एका वाक्यात दिले, तेही गोड आवाजात. चाळीस रुपयांच्या वस्तूसाठी कित्येक हजारांचा संच, आणि तोही नाही. शर्टाचं बटण तुटलं तर शर्ट घ्या आणि शर्ट संपलेत. म्हणून मी नगरच्या दुकानात गेलो होतो आणि तिथे काय झालं ते सुरुवातीला सांगितलंच आहे.

आता नगर काही यंत्रांना परकं गाव नाही. इथे लष्कराचं आर्मर्ड कोअर केंद्र आहे, गाड्यांवर संशोधन करणारी व्हीआरडीई आहे, रणगाड्यांचं संग्रहालय आहे. रणगाड्यांमध्ये सेंच्युरियनचं इंजिन पेट्रोलचं होतं, रोल्स-रॉइस मीटिअर, बारा सिलिंडर, दर सिलिंडरला दोन प्लग. एकूण चोवीस. एका प्लगने दगा दिला तर तेवीस आहेत. मेहुण्याचा एक गेला की सैन्य संपलं. संग्रहालयाच्या बाहेर उभं राहून मी हा हिशोब केला, आणि सावेडीला घरी न जाता सरळ नेवासे फाट्याला मिस्त्रीकडे गेलो.

या मिस्त्रीने उमेदीची वर्षं लूना दुरुस्त करण्यात घालवली. नगरकराला लूनाबद्दल बोलताना जरा कॉलर ताठ करायचा हक्क आहे, कारण १९७२ साली आलेली ती पन्नास सीसीची पायडल मारायची गाडी कायनेटिकच्या नगरच्या कारखान्यातून बाहेर पडायची. दूध, मास्तर, भाजी, नवरी, गॅसची टाकी, सगळं तिच्यावरून गेलेलं आहे. मिस्त्रीने इंजिन लाकडी घोड्यावर बांधलं, पंखा पाण्याच्या पिंपात सोडला आणि पोराला म्हणाला, “शटर ओढ. दिवा मालव.”

“पूजा आहे का?” मेहुण्याने विचारलं.

“गप बसा. अन् टोपीकडं बघा.”

अंधार झाला. मिस्त्रीने दोरी ओढली. आणि दिसलं. त्या काळ्या टोपीच्या कडेने, डाळिंबी नेलपॉलिश आणि करड्या एम-सीलच्या मधून, एक बारीक निळी रेघ सरसरत खाली उतरली आणि बोल्टाला चावली. चट्. पुन्हा ओढली, पुन्हा चट्. निळी मुंगी त्याच वाटेने, त्याच वळणाने, त्याच बोल्टाला. पेट्रोलच्या वासात एक वेगळाच उग्र वास आला, पावसाळ्यात वीज पडून गेल्यावर येतो तसा. कोणी काही बोललं नाही. मला आठवलं, हीच मुंगी माझ्या कोपरापर्यंत आली होती, आणि मी आदराने एक पाऊल मागे सरकलो.

“करंट बाहीर पळतोय,” मिस्त्री म्हणाला. दिवा लावला, मग पक्कडीने चुरा चुरा करून जुनी टोपी उतरवली. जुन्या बिस्किटाच्या डब्यात हात घालून एक टोपी काढली, वायरीचं टोक पाव इंच कापलं, टोपी तिच्यावर पिळली. आत एक स्क्रू असतो, तो वायरीच्या तांब्यात शिरतो. एवढंच. बसवली, दोरी ओढली, आणि साडेतीन घोडे पिंपातल्या पाण्यात असे खिंकाळले की समोरच्या चहावाल्याचा एक ग्लास फुटला.

“कशाची आहे?” मी विचारलं.

“लूनाची. तिचं अन् ह्याचं रक्त एकच. दोन्ही टू-स्ट्रोक.” मग हात पुसत म्हणाला, “आता विजेची लूना आलीय म्हणं.” २०२४ साली ती आली खरी. तिला प्लगच नाही, म्हणजे टोपीही नाही. मिस्त्रीच्या आवाजात जावयाबद्दल बोलताना येतो तसा सूर होता.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण त्याच इंजिनावर प्लास्टिकची आणखी एक वस्तू होती. लाल रंगाची, घोड्याच्या नालासारखी, नखाएवढी क्लिप. ती बंद करायच्या बटणाखाली अडकवायची. तिला एक दोरी. दोरीचं दुसरं टोक चालवणाऱ्याने मनगटाला बांधायचं, म्हणजे तो पाण्यात पडला की क्लिप निघते आणि इंजिन बंद पडतं, बोट त्याच्या अंगावर फिरत नाही. कल्पना सुंदर, कल्पनेचं प्लास्टिक पाचव्या दिवशी मोडलं. क्लिप नसेल तर इंजिन सुरूच होत नाही. म्हणजे तुम्ही बोटीत धडधाकट बसलेले आहात, पण इंजिनाच्या मते तुम्ही बुडालात.

मेहुण्याने आइस्क्रीमचा लाकडी चमचा लावून पाहिला, तो भिजून फुगला. (एव्हिनरूडच्या आत्म्याला शांती मिळाली असेल.) टूथब्रशची दांडी तासून पाहिली. शेवटी श्रीखंडाच्या डब्याचं झाकण कात्रीने कापून दुहेरी केलं, ते नेमकं बसलं. निळसर पांढरी क्लिप, कडेला ‘केशर वेलची’ यातलं ‘वेल’ राहिलेलं. आता प्रश्न दोरीचा.

“मनगटाला बांध,” मी सांगितलं.

“मनगटाला बांधली की हात हलवता येत नाय, दाजी. चुकून ओढली जाती.”

“मग कुठे बांधलीस?”

त्याने दाखवलं. दोरीचं दुसरं टोक बोटीच्याच कडीला पक्कं बांधलेलं होतं. म्हणजे उद्या बोट स्वतःच बोटीतून खाली पडली तर इंजिन नक्की बंद होईल. मी पुढे होऊन गाठ सोडली आणि त्याच्या मनगटाला बांधली. मी नगरला पोचेपर्यंत ती पुन्हा कडीला गेली असणार.

मे महिन्यात पुन्हा गेलो तेव्हा पाणी बरंच आत सरकलं होतं. इंजिन दुसऱ्या ओढीला सुरू झालं. मेहुण्याकडे आता श्रीखंडाचा तो बिनझाकणाचा डबा आहे, त्यात लूनाच्या तीन टोप्या, चार झाकणी क्लिपा, प्लग घासायचा पॉलिश पेपर आणि नेलपॉलिशची बाटली, जी वहिनींना परत नको आहे. आम्ही मोटरीपर्यंत गेलो, फुटबॉल पुढे नेऊन सोडला आणि परतताना तो थर्माकोलवाला भेटला. ताटल्या मांडीवर ठेवून तो आमच्या इंजिनाकडे बराच वेळ बघत राहिला.

“पाटील, इकायचं का हे?”

मेहुणा खूष झाला. इंजिन थांबवून त्याने त्याच्या ताकदीचं वर्णन सुरू केलं, घोडे साडेतीनाचे पाच झाले, अलिबागपर्यंत गोष्ट गेली. मी मधेच विचारलं, “पण लावणार कशाला? थर्माकोलला?”

“बसंल की. खिळा मारायचा.” मग त्याने ताटली पाण्यात घालून आपला ठोकळा जरा जवळ आणला, मान वाकवून इंजिनाच्या झाकणाखाली पाहिलं आणि मेहुण्याला विचारलं, “भाव टोपीसकट सांगताय का बिगरटोपीचा?”